निषेधाचे लोकगीत आणि त्याची तबकडी

१

लोकगीताच्या अभ्यासकाला दोन साधनांवर विसंबावे लागते. एक छापील संहिता आणि दुसरे ध्वनिमुद्रण. संहितेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याची शिस्त आपल्याकडे रुजलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या असोत की तुकोबांच्या गाथेच्या प्रती असोत, पाठ कोणाचा, प्रत केव्हाची, लेखनिकाने काय गाळले व काय पदरचे घातले, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणी पुढे जात नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी क्वचितच आढळते. तबकडी म्हणजे साक्षात गायकाचा आवाज, तेव्हा तेथे पाठचिकित्सेला वाव कोठला, अशी आपली समजूत असते. निषेधाच्या गीतांच्या बाबतीत ही समजूत विशेष दिशाभूल करणारी ठरते. ज्या गीतात राज्यकर्त्यावर, सावकारावर किंवा रूढ समाजव्यवस्थेवर आघात असतो, ते तबकडीवर येईपर्यंत अनेक हातांतून गेलेले असते, आणि कित्येकदा ते तबकडीवर येतच नाही.

या विचाराला आरंभ करण्यास नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुका हे सोयीचे स्थळ आहे. नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठेस जाता येते. नागली आणि वरई पिकवणारा हा डोंगराळ मुलूख; वस्ती बहुतांशी कोकणा, महादेव कोळी आणि वारली या जमातींची. या पट्ट्यात थाळगान नावाचा गायनप्रकार आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी बसवितात. गायक त्या काडीवरून बोटे खाली ओढीत राहतो आणि थाळीतून अखंड घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, आणि इतर देवदेवतांची कथा सांगितली जाते. ही कथा रात्रभर चालते. आता या रात्रीशेजारी ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीची एक बाजू ठेवून पाहावी. ती सुमारे तीन मिनिटांत संपते. एक रात्र आणि तीन मिनिटे यांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम तबकडी ही वस्तू काय आहे ते समजून घेणे अवश्य आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मुख्यत्वे लाखेच्या मिश्रणाची असे. जगातील लाखेचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून होत असे, आणि ती झाडांवरून गोळा करणाऱ्या हातांत आदिवासींचे हात पुष्कळ होते. ज्यांच्या श्रमाने तबकडीचे द्रव्य तयार झाले त्यांचा आवाज तबकडीवर फारच थोडा उतरला, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे, तर बारा इंचीवर चार ते साडेचार मिनिटे ध्वनी मावत असे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, व्हिनाइल या द्रव्याची आणि अतिसूक्ष्म खाचांची दीर्घ तबकडी बाजारात आणली; तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. आपल्याकडे मात्र ७८ फेऱ्यांची तबकडी त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिली. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा काळ हा आपल्या दृष्टीने अजून तीन मिनिटांचाच काळ होता.

तबकडी तयार होण्याची रीत छापखान्यासारखी आहे. मऊ द्रव्याच्या थाळीवर प्रथम ध्वनी कोरला जातो. तिच्यावरून धातूची उलटी प्रत, त्या प्रतीवरून सुलटी आणि तिच्यावरून पुन्हा उलटा ठसा काढतात. या ठशाखाली तापलेले द्रव्य दाबले की तबकडी तयार होते. ठसा झिजला की नवा काढावा लागतो. शेवटची खाच आणि मधला कागदी शिक्का यांच्या दरम्यान जी कोरी पट्टी असते, तिच्यात बारीक अक्षरांत मूळ कोरणीचा क्रमांक उमटविलेला असतो. पोथीच्या पुष्पिकेचे जे महत्त्व तेच या क्रमांकाचे. शिक्का चुकीचा चिकटविला जाऊ शकतो, पाकीट बदलले जाऊ शकते. परंतु हा क्रमांक खाचांबरोबरच ठशातून उतरत असल्यामुळे तबकडीत प्रत्यक्ष काय आहे याची तो अधिक खात्रीची साक्ष देतो.

३

कालमर्यादेचा गीतावर काय परिणाम होतो, याचे एक स्पष्ट उदाहरण अमेरिकेत सापडते. वुडी गथ्री या लोकगायकाने दुष्काळ आणि धुळीची वादळे यांमुळे देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवर रचलेली गीते व्हिक्टर कंपनीने १९४० साली ‘डस्ट बोल बॅलड्स’ या नावाने प्रसिद्ध केली. छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत अनेक तबकड्या एकत्र देण्याची तेव्हा पद्धत होती, आणि ‘अल्बम’ हा शब्द गीतसंग्रहाला लागला तो याच पद्धतीमुळे. गथ्रीच्या गीतांचे असे दोन संच निघाले. प्रत्येकात तीन तबकड्या. एकूण बाजू बारा, गीते मात्र अकरा. कारण ‘टॉम जोड’ हे दीर्घ कथागीत एका बाजूत मावेना, म्हणून ते मध्येच तोडून दोन बाजूंवर घालावे लागले. मुद्रित केलेली आणखी दोन गीते जागेअभावी बाहेर राहिली, ती १९६४ च्या दीर्घ तबकडीत प्रथमच संग्रहात आली. म्हणजे १९४० चा श्रोता आणि १९६४ चा श्रोता यांनी एकाच नावाखाली दोन भिन्न संग्रह ऐकले.

हाच नियम आपल्या पोवाड्याला लावून पाहिला म्हणजे नुकसानीचा अंदाज येतो. पोवाडा म्हणजे केवळ पद्य नव्हे. शाहीर डफावर थाप देऊन चौक म्हणतो, तुणतुण्याच्या साथीने झीलकरी ध्रुपद उचलून धरतात, मध्येच शाहीर गद्यात प्रसंग समजावून सांगतो, समोरच्या श्रोत्यांना उद्देशून एखादा टोमणा मारतो, त्या गावच्या त्या दिवसाच्या घटनेचा धागा कथेत गुंफतो आणि पुन्हा पद्याकडे वळतो. तीन मिनिटांत बसवावयाचे म्हटले की सर्वांत आधी हे निवेदन आणि हे टोमणे जातात. परंतु निषेधाच्या पोवाड्यातील निषेध बहुधा तेथेच असतो! उरलेले पद्य पुष्कळदा वीररसाचे आणि सर्वांना मानवणारे असते. येथे कोणी कात्री चालविलेली नसते. केवळ घड्याळाच्या काट्यानेच गीताची धार बोथट केलेली असते.

४

जाणूनबुजून केलेला बदल कसा ओळखावा, यासाठी दुसरे एक अमेरिकन उदाहरण पाहण्याजोगे आहे. बॉब डिलनचा ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ हा संग्रह कोलंबिया कंपनीने २७ मे १९६३ रोजी प्रसिद्ध केला. निषेधगीतांच्या इतिहासात तो अभिजात मानला जातो. या संग्रहाच्या प्रारंभीच्या काही प्रती आज अत्यंत दुर्मिळ असून संग्राहक त्यांच्यासाठी प्रचंड किंमत मोजतात. कारण असे, की त्या प्रतींत अशी चार गीते आहेत जी नंतरच्या प्रतींत नाहीत. त्यांपैकी एक गीत ‘जॉन बर्च सोसायटी’ या कम्युनिस्टविरोधी संघटनेची टर उडविणारे होते. तेच गीत १२ मे १९६३ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हणण्यास डिलनला मनाई झाली आणि त्याने कार्यक्रमच सोडला. संग्रहातून चार गीते काढून त्यांच्या जागी दुसरी चार घालण्यात आली. परंतु जुन्या ठशांवरून काही प्रती आधीच दाबल्या गेल्या होत्या. त्यांपैकी काहींच्या शिक्क्यावर नव्या गीतांची नावे आहेत आणि खाचांत मात्र जुनी गीते आहेत. अशी प्रत ओळखावयाची तर शिक्क्यावर विश्वास न ठेवता कोऱ्या पट्टीतील क्रमांक पाहावा लागतो आणि तबकडी प्रत्यक्ष वाजवून पाहावी लागते.

यावरून ‘कंपनीने निषेध दडपला’ असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. काढलेल्या चार गीतांत अणुयुद्धाच्या भीतीने भूमिगत आश्रयस्थाने बांधण्याच्या वृत्तीवर टीका करणारे एक गीत होते, हे खरे. तथापि त्यांच्या जागी जी गीते आली त्यांत युद्धसामग्रीच्या कारखानदारांवर अत्यंत कठोर आघात करणारे ‘मास्टर्स ऑफ वॉर’ हे गीत आहे. म्हणजे बदललेला संग्रह पहिल्यापेक्षा सौम्य झाला असे म्हणता येत नाही. कायदेशीर कारवाईची धास्ती आणि नव्या, अधिक समर्थ रचना घालण्याची कवीची इच्छा, ही दोन्ही कारणे येथे विचारात घ्यावी लागतात. दुर्मिळ प्रतीचे खरे मोल येथे आहे. ती निर्णय देत नाही. ती प्रश्न नेमका करते. कोणता पाठ आधीचा, कोणता नंतरचा आणि मधल्या काळात काय घडले, हे विचारण्याचा अधिकार ती अभ्यासकाला देते.

संग्राहक आणि अभ्यासक यांच्या दृष्टींतील भेदही येथेच नोंदविणे योग्य होईल. संग्राहकाला न वाजविलेली, ओरखडा नसलेली प्रत हवी असते. अभ्यासकाला झिजलेली प्रतही तितकीच बोलकी असते. कोणत्या गीताच्या खाचा अधिक झिजल्या आहेत, पाकिटावर कोणत्या दुकानाचा शिक्का आहे, शिक्क्यावर मालकाने शाईने काय लिहिले आहे, यांवरून गीत कोठे ऐकले गेले व किती वेळा ऐकले गेले, याचा माग लागतो. गीताचा इतिहास हा गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचाही असतो.

५

आता महाराष्ट्राकडे वळू. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातील कामगारांपुढे त्यांनी पोवाडे, लावण्या आणि तमाशे सादर केले. पुढे सरकारी बंदीलाही त्यांना तोंड द्यावे लागले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. त्या आंदोलनाच्या सभांत भाषणाआधी शाहिरी हा जणू नियमच होता. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने सभा भारून जात, असे त्या पिढीतील श्रोते सांगत आले. याच आंदोलनात अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड महाराष्ट्रभर गेली.

या छक्कडीचे सामर्थ्य तिच्या योजनेत आहे. पोटासाठी मुंबईस आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची मैना यांची ताटातूट, हा लावणीला परिचित असलेला विरहाचा विषय. अण्णाभाऊंनी त्याच विरहातून खंडित महाराष्ट्राचे दुःख उभे केले. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही दुरावलेल्या मुलखांची नावे त्यांनी त्यात आणली. डांगचा प्रदेश नाशिक जिल्ह्याच्या सीमेस लागून आहे. डांगमध्ये आणि पेठ-सुरगाण्यात कोकणा समाज राहतो. सोयरिकी, बाजार आणि देवदैवते सीमा ओलांडून चालू असतात. मुंबईच्या श्रोत्याला ‘डांग’ हे एका मागणीचे नाव होते. सीमेवरील श्रोत्याला ते पलीकडच्या डोंगराचे नाव होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, मुंबई महाराष्ट्रास मिळाली आणि डांग गुजरातेत गेला. मागणीचा एक भाग सफल झाला, एक भाग गीतातच राहिला.

त्याच १९६० सालचे, राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत तबकडीवर आले आणि घरोघर पोहोचले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले; स्वीकारताना मूळ तीन कडव्यांपैकी दोन घेतली. या दोन रचनांची तुलना श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या दृष्टीने करावयाची नाही. एक तक्रारीचे गीत आहे, दुसरे गौरवाचे. तक्रारीचे गीत सभेत वाढले. प्रसंगानुसार त्यात भर पडे, श्रोत्यांनुसार त्याचा रोख बदले, आणि त्याचे मुख्य आधार म्हणजे छापील पुस्तिका आणि शाहिरांची स्मरणशक्ती. गौरवाचे गीत मात्र निश्चित चालीत, निश्चित लांबीत आणि एका ठरावीक आवाजात स्थिर झाले. म्हणून पुढील पिढीने केवळ तबकड्यांवरून त्या काळाचा कानोसा घेतला, तर तिला विजयाचा घोष मोठ्याने ऐकू येईल आणि त्यामागची तक्रार क्षीण वाटेल. खुद्द शाहीर साबळ्यांचे उदाहरण घ्यावे. ‘आंधळं दळतंय’ या मुक्तनाट्यातून मुंबईतील मराठी माणसाची कोंडी मांडणारे साबळे या एका तबकडीवरून कोणाच्याही ध्यानात येणार नाहीत.

निषेधाचे गीत टिकविणारी साधने तबकडीखेरीज इतरही आहेत, याची साक्ष नाशिक शहर देते. १९०९ साली बाबाराव सावरकर यांच्यावर नाशिक येथे राजद्रोहाचा खटला झाला. त्याचा आधार होता ‘लघु अभिनव भारत माला’ ही कवितांची पुस्तिका. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा देण्याआधी न्यायालयाला मराठी पद्याचा अर्थ लावीत बसावे लागले! ज्या शासनाला ती पद्ये नष्ट करावयाची होती, त्याच शासनाच्या कागदपत्रांत ती नोंदली गेली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक यांची गीते याहून निराळ्या मार्गाने टिकली. गावोगावच्या गायकांनी ती कंठस्थ केली, संग्रहरूपाने ती छापली गेली आणि १९८० नंतर स्वस्त कॅसेटींनी ती वस्त्यावस्त्यांत नेली. कॅसेट काढण्यास मोठा कारखाना लागत नाही; त्यामुळे जे गीत कंपनीच्या दारात उभे राहू शकले नसते, तेही बाजारात आले.

६

अखेर पुन्हा पेठेकडे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्यात पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी हजारोंच्या संख्येने होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कसत असलेली जमीन नावावर व्हावी, ही त्यांची प्रमुख मागणी. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांना अडथळा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपविला. वाटेत तारपा वाजत होता, गाणी म्हटली जात होती. या गाण्यांचा कोणताही संच निघालेला नाही. त्यांना ना क्रमांक, ना शिक्का. ती बहुतांशी लोकांच्या भ्रमणध्वनींत आहेत, आणि यंत्र बदलले की पुसली जातात. लाखेची तबकडी नीट सांभाळली तर शंभर वर्षांनंतरही वाजते. आजचे हे मुद्रण कित्येकदा पाच वर्षेही टिकत नाही. मुद्रण करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मुद्रण राखणे मात्र सोपे झालेले नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात काम करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुनी तबकडी हाती आली तर शिक्का, पाकीट आणि कोऱ्या पट्टीतील क्रमांक या तिन्हींची स्वतंत्र नोंद करावी, आणि तबकडी वाजवून ऐकल्याशिवाय गीताचे नाव निश्चित करू नये. त्याच गीताची छापील पुस्तिका मिळाल्यास दोन्हींचे पाठ ओळीओळीने ताडून पाहावेत. तबकडीत जे नाही त्याची यादी, जे आहे त्याच्या यादीइतकीच काळजीपूर्वक करावी. नवे मुद्रण करताना गाणाऱ्याची संमती घ्यावी आणि स्थळ, दिवस, प्रसंग, श्रोते, वाद्ये यांची माहिती त्याच दिवशी लिहून ठेवावी. हीच आपल्या मुद्रणाची पुष्पिका होय. मुद्रणाची एक प्रत ज्या गावात ते झाले त्या गावी राहील अशी व्यवस्था करावी. कायद्याचे भानही हवे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. परंतु गीताच्या शब्दांवरील हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. तबकडी मुक्त झाली म्हणजे कविता मुक्त झाली असे नव्हे.

तबकडी हे साधन आहे, प्रमाण नव्हे. तिच्यावर जे उतरले ते बहुमोल आहे. पण ते निवडलेले आहे, मापात बसविलेले आहे आणि कोणाच्या तरी संमतीने बाहेर आलेले आहे. ज्यांना तबकडी मिळाली नाही त्यांनी गाइले नाही, असे मात्र नाही. पेठेच्या पट्ट्यात थाळीचा सूर रात्रभर घुमवीत कणसरीची कथा सांगणारी माणसे अद्याप आहेत. संग्राहकाच्या कपाटातील दुर्मिळ प्रत पुढील वर्षीही तेथेच असेल. या गायकांकडे मात्र अभ्यासकाने याच हंगामात गेले पाहिजे.